लेखकांच्या बाटल्या आणि लॉगमधल्या तारखा

मोठा लेखक किंवा कवी म्हटला की तो थोडासा सरकलेला असणार, हे आपण गृहीतच धरतो. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, खिशात पेन आणि बगलेत बाटली. त्याचं घर चालत नसतं, तब्येत चालत नसते, पण लेखणी मात्र झकास चालते. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अरे, प्यायचा म्हणून तर एवढं लिहू शकला!" मित्रांच्या बैठकीत रात्री अकरानंतर हे वाक्य एकदा तरी पडतंच. तिघं माना डोलावतात. चौथा ग्लास भरतो.

वाक्य ऐकायला छान आहे. प्रश्न एवढाच की ते खरं आहे का?

आमच्या आयटीच्या धंद्यात एक सवय लागते. रात्री दोनला सर्व्हर पडला की प्रत्येकाकडे एकेक थिअरी तयार असते. नेटवर्कवाला डेटाबेसकडे बोट दाखवतो, डेटाबेसवाला नेटवर्ककडे. शहाणा माणूस सगळ्यांचं ऐकून घेतो आणि गुपचूप लॉग उघडतो. काय आधी झालं आणि काय नंतर, हे तिथे तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. लेखकांच्या बाबतीतही असा लॉग बऱ्याचदा मिळतो. पुस्तक कधी लिहिलं, आजार कधी उसळला, व्यसन कधी लागलं, कधी सुटलं. पत्रं असतात, डायऱ्या असतात, दवाखान्यातल्या नोंदी असतात. तर मंडळी, या वीकांताला असे काही लॉग उघडून बघूया.

सुरुवात या दंतकथेच्या आद्यपुरुषापासून करू. सॅम्युएल टेलर कोलरिज, इंग्लिश कवी, जन्म १७७२. त्या काळी इंग्लंडमध्ये अफू ही वाण्याच्या दुकानात मिळणारी गोष्ट होती. दारूत अफू विरघळवून केलेल्या औषधाला लॉडॅनम म्हणायचे. दातदुखी, खोकला, जुलाब, रात्री रडणारं पोर, सगळ्यावर तोच एक उपाय. या विक्रीवर पहिलं खरं बंधन आलं ते १८६८ च्या कायद्याने. म्हणजे कोलरिज अफू घ्यायचा यात तेव्हा कुणाला काही विशेष वाटायचं कारण नव्हतं.

१८१६ साली त्याने 'कुब्ला खान' ही कविता छापली आणि तिला एक प्रस्तावना जोडली. तिच्यातली कहाणी अशी. १७९७ च्या उन्हाळ्यात तब्येत बरी नव्हती म्हणून तो पोरलॉक गावाजवळच्या एका एकाकी शेतघरात राहिला होता. वेदना कमी करणारं औषध घेतलं, कुब्लाई खानाच्या महालाबद्दलचा एक जुना मजकूर वाचता वाचता डोळा लागला, आणि झोपेतच दोन-तीनशे ओळींची कविता आपोआप तयार झाली. जाग आल्यावर तो ती उतरवायला बसला, तेवढ्यात पोरलॉकहून कुणीतरी कामासाठी आला आणि तासभर बसला. तो गेल्यावर बघतो तर बाकीची कविता डोक्यातून साफ पुसलेली! उरल्या त्या ५४ ओळी. हा पोरलॉकचा माणूस पुढे इंग्रजी साहित्यात अजरामर झाला. (आमच्या ऑफिसात त्याचं नाव 'दोन मिनिटं आहेत का?' असं आहे.)

गोष्ट फक्कड आहे. अफू घेतली, झोपला, उठला आणि कविता तयार. गेली दोनशे वर्षं ती पुरावा म्हणून वापरली जाते.

पण १९३४ मध्ये कोलरिजच्याच हस्ताक्षरातली या कवितेची एक प्रत उजेडात आली. तिच्यावर त्याने स्वतः एक टीप लिहिलेली आहे. अफू त्यातही आहे, जुलाबावर उपाय म्हणून दोन ग्रेन, असं मापासकट. मात्र झोपेच्या जागी तंद्री आहे, उन्हाळ्याच्या जागी शरद ऋतू आहे, आणि पोरलॉकच्या त्या माणसाचा पत्ताच नाही. शिवाय ही प्रत आणि छापील कविता यांच्यात शब्दांचे फरक आहेत. म्हणजे कविता तंद्रीत सुचली असेलही, पण कवीने नंतर जागेपणी बसून तिच्यावर हात फिरवलेला आहे. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर हा एकच कमिट नव्हता. :-)

आता तारखा बघा. 'एन्शंट मरिनर', 'कुब्ला खान', 'क्रिस्टाबेल'चा पहिला भाग, 'फ्रॉस्ट ॲट मिडनाइट', हे त्याचं सगळ्यात नावाजलेलं काम १७९७-९८ या दीडेक वर्षातलं आहे. तेव्हा तो पंचविशीत होता. अफू अधूनमधून, औषध म्हणून घेत होता. आणि जवळच वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी राहायला आले होते. तिघं रोज मैलोगणती चालायचे आणि बोलायचे. अफूने गळ्याला खरा फास लावला तो १८०१ च्या आसपास. त्यानंतर मोठ्या कविता आटत गेल्या. लग्न मोडलं, वर्डस्वर्थशी बिनसलं. १८१४ च्या एका पत्रात तर तो स्वतःला खासगी वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याची भाषा करतो, का तर तिथे तरी हाताला अफू लागणार नाही. एप्रिल १८१६ मध्ये तो लंडनजवळच्या हायगेटला डॉक्टर जेम्स गिलमन यांच्या घरी राहायला गेला. अफूवर कुणीतरी लक्ष ठेवावं म्हणून. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला माणूस मरेपर्यंत, म्हणजे १८ वर्षं, तिथेच राहिला. व्यसन पूर्ण कधीच सुटलं नाही, पण आटोक्यात आलं, आणि पुढचं बरंचसं गद्य लेखन त्याच घरातून बाहेर पडलं.

आणि गंमत बघा. 'कुब्ला खान' छापली गेली ती हायगेटला गेल्यावर पुढच्याच महिन्यात. त्याच छोट्या पुस्तकात शेजारी आणखी एक कविता आहे, 'द पेन्स ऑफ स्लीप'. १८०३ सालची. रात्री किंकाळ्या फोडत जागं होणाऱ्या माणसाची. ही वेदनेची आणि आजाराची बाजू मुद्दाम सोबत देतोय, असं कोलरिज प्रस्तावनेत स्वतः सांगतो. त्याने दोन्ही बाजू एकाच पुस्तकात ठेवल्या होत्या. लोकांनी त्यातली एकच उचलली.

दुसरा लॉग जास्त शिस्तीत ठेवलेला आहे, कारण तो ठेवणारा एक माजी सरकारी अधिकारी होता. लेनर्ड वुल्फने १९०४ ते १९११ सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ब्रिटिश सरकारची नोकरी केली. १९१२ मध्ये त्याचं व्हर्जिनियाशी लग्न झालं. तिला वयाच्या तेराव्या वर्षी, आई गेल्यावर, आजाराचा पहिला झटका आला होता. दुसरा १९०४ मध्ये, वडील गेल्यावर. लग्नानंतर वर्षभरात, सप्टेंबर १९१३ मध्ये, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्या काळात लेनर्ड रोजच्या डायरीत तिच्या तब्येतीची नोंद ठेवत होता. झोप कशी, मन कसं, जेवण किती. आणि ती दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून सिंहली आणि तमिळ अक्षरांच्या सांकेतिक लिपीत! लंडनमधल्या एका घरात बायकोच्या आजाराचा एन्क्रिप्टेड लॉग ठेवणारा नवरा. मला तर या माणसाबद्दल एक वेगळाच लेख लिहावासा वाटतो. असो.

१९१५ मध्ये व्हर्जिनियाची पहिली कादंबरी 'द व्हॉयेज आउट' प्रसिद्ध झाली, तेव्हा ती इतकी आजारी होती की घरात नर्सेस ठेवाव्या लागल्या होत्या. वर्ष संपता संपता ती सावरली. त्यानंतर ठरावीक वेळी जेवण, लवकर झोप, पाहुण्यांवर मर्यादा, डोकेदुखीची पहिली चाहूल लागली की सगळं थांबवून विश्रांती, असा लेनर्डचा खाक्या. तिला तो जाचायचाही. १९१७ मध्ये दोघांनी हाताने चालवायचं एक छपाईयंत्र आणून जेवणाच्या खोलीत मांडलं. तिच्या हाताला काहीतरी काम मिळावं, डोकं थोडं हलकं व्हावं, हाही त्यातला एक हेतू होता. त्यातून होगार्थ प्रेस उभी राहिली. आणि मग यादी बघा: 'मिसेस डॅलोवे' १९२५, 'टू द लाइटहाउस' १९२७, 'ऑरलँडो' १९२८, 'अ रूम ऑफ वन्स ओन' १९२९, 'द वेव्ह्ज' १९३१. सगळं काम दोन मोठ्या झटक्यांच्या मधल्या पंचवीस वर्षांतलं. त्या काळातही ती अधूनमधून आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायची, पण त्या आठवड्यांत कादंबरी पुढे सरकायची नाही. १९४१ च्या मार्चमध्ये युद्धाच्या धामधुमीत आजार परत आला आणि या वेळी ती वाचली नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वेडेपणाच्या लाव्ह्यातच आपल्याला लिहिण्याचे बहुतेक विषय सापडतात, अशा अर्थाचं व्हर्जिनियाने स्वतः १९३० मध्ये एका पत्रात लिहिलंय. ते खोटं मानायचं कारण नाही. 'मिसेस डॅलोवे'मधला सेप्टिमस तिथूनच आलाय. पण लाव्हा निवेपर्यंत कुणाला तो हातात घेता येत नाही. निवायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत कुणीतरी तुमच्याजवळ बसून असावं लागतं.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ, आयोवा सिटीत. हे गाव मराठी साहित्याला अगदीच परकं नाही. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. त्यांच्या थोडं आधी, १९७३ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात, तिथल्याच प्रसिद्ध रायटर्स वर्कशॉपमध्ये दोन कथाकार शिकवायला आले. एकसष्ट वर्षांचा नामवंत जॉन चीव्हर आणि पस्तिशीतला, अजून एकही कथासंग्रह मोठ्या प्रकाशकाकडून न आलेला रेमंड कार्व्हर. म्हणजे बैठकीतल्या त्या लाडक्या थिअरीची याहून चांगली टेस्ट केस मिळणार नाही. दोन प्रतिभावंत, भरपूर वेळ, भरपूर दारू. निकाल काय लागला? कार्व्हरने नंतर सांगितलं की आम्ही दोघं फक्त पीत होतो. आठवड्यातून दोनदा कार्व्हरच्या गाडीतून दारूच्या दुकानात जायचं. त्या अख्ख्या काळात दोघांपैकी कुणी टाइपरायटरवरचं कव्हरसुद्धा काढलं नाही.

पुढचा लॉग असा. चीव्हर एप्रिल १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. महिनाभराने बाहेर पडला आणि १९८२ मध्ये मरेपर्यंत प्यायला नाही. १९७७ मध्ये 'फाल्कनर' ही कादंबरी आली. १९७८ मध्ये त्याच्या सगळ्या कथांचा जाडजूड संग्रह आला, त्याला १९७९ चं पुलित्झर मिळालं. कार्व्हरचं चित्र अजून वाईट होतं. १९७६-७७ मध्ये दारूपायी त्याला चार वेळा भरती करावं लागलं. २ जून १९७७ या दिवशी त्याने दारू सोडली. ही तारीख तो वाढदिवसासारखी लक्षात ठेवायचा. पहिलं वर्षभर त्याने जवळजवळ काही लिहिलं नाही, आणि त्याची त्याला खंतही नव्हती. जिवंत आहोत हेच पुष्कळ. मग १९८१ चा संग्रह आला, १९८३ मध्ये 'कॅथेड्रल' आला, ज्यातल्या कथांत आधीच्या कथांपेक्षा जास्त हवा आणि उजेड आहे. १९८८ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. सिगारेट मात्र सुटली नव्हती. आयुष्यात सगळ्यात जास्त अभिमान कशाचा, तर दारू सोडल्याचा, असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. कथांचा नंबर त्यानंतर.

"बरं, पण हे सगळे सुटे सुटे किस्से झाले. आकडे काय म्हणतात?" असा प्रश्न तुमच्यातले डेटावाले विचारणारच. आकडे आहेत, आणि ते सरळ माझ्या बाजूने नाहीत.

नॅन्सी अँड्रियासन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी याच आयोवा वर्कशॉपमधल्या ३० लेखकांच्या मुलाखती घेतल्या आणि तुलनेला लेखक नसलेली ३० माणसं घेतली. १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. लेखकांपैकी ८० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य किंवा बायपोलरसारखा मनोवस्थेचा आजार होऊन गेला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३० टक्के. फरक प्रचंड आहे. अर्थात सँपल लहान, आणि मुलाखत घेणारीला समोरचा कुठल्या गटातला हे माहीत, म्हणून या अभ्यासावर टीकाही झाली. मग स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी राष्ट्रीय नोंदी वापरून सुमारे १२ लाख रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये आला. एकूण सर्जनशील व्यवसायांत मानसिक आजार जास्त, असं त्यात दिसलं नाही. बायपोलरचा अपवाद. पण लेखकांचा गट वेगळा काढला तर तिथे बायपोलर, स्किझोफ्रेनिया, नैराश्य, व्यसन, सगळंच जास्त. आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या जवळपास दीडपट.

म्हणजे संबंध आहे. तो नाकारून चालणार नाही. पण 'अ' आणि 'ब' एकत्र दिसतात म्हणून 'अ'मुळे 'ब' होतं असं नाही, हे आपण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घोकलेलं असतं. त्याच स्वीडिश संशोधनात एक बारीकशी गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची सख्खी भावंडं, ज्यांना स्वतःला आजार नाही, तीसुद्धा सर्जनशील व्यवसायांत सरासरीपेक्षा जास्त सापडतात. घराण्यातून जे काही येत असेल, भिरभिरतं डोकं, पातळ कातडी, एका गोष्टीत दुसरी दिसण्याची खोड, ते आजाराशिवायही काम करतं. आणि अँड्रियासन बाईंच्या लेखकांचंही म्हणणं हेच होतं की आजाराचा जोर असताना लिहिणं होत नाही, होतं ते बरं असताना.

मग "गोळ्या घेतल्या की प्रतिभा मरते" ही भीती उरते. ही भीती गमतीची नाही. माझ्या ओळखीतल्या एका पोराने, जो आमच्या सगळ्यांत सुंदर लिहायचा, याच भीतीपोटी डॉक्टरला न विचारता गोळ्या बंद केल्या होत्या. 'मला बोथट व्हायचं नाही' हे त्याचं वाक्य. दीड महिन्यात नोकरी गेली आणि दोन महिन्यांत त्याच्या आईने त्याला ॲडमिट केलं. तो आता ठीक आहे, गोळ्या घेतो, थोडंबहुत लिहितोही. पण त्या दोन महिन्यांत त्याने एकही ओळ लिहिली नव्हती. लॉग कोरा.

या भीतीवर सगळ्यात बोलका लॉग रॉबर्ट लोवेलचा. अमेरिकन कवी, बॉस्टनच्या बड्या घराण्यातला, तिशीत पुलित्झर. १९४९ मध्ये त्याला उन्मादाचा पहिला मोठा झटका आला. पोलिसांनी पकडण्यापर्यंत मजल गेली आणि तिथून तो इस्पितळात. पुढे बरीच वर्षं हे चक्र चालू राहिलं. आधी प्रचंड उत्साह, झोप नाही, नवीन प्रेमप्रकरण, अफाट बडबड. मग इस्पितळ. मग महिनोन्‌महिने काळोख आणि शरम. आता योगायोग बघा. त्याच १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन आलेला गुण एका छोट्या निबंधात छापला. हाच केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचा युद्धकैदी होता. आणि लिथियम म्हणजे तोच, जो आज तुमच्या खिशातल्या फोनच्या बॅटरीत आहे.

हे औषध लोवेलपर्यंत पोहोचलं १९६७ मध्ये. मध्ये गेली १८ वर्षं. लिथियम सुरू झाल्यावर त्याचे मोठे झटके बरेच कमी झाले. लेखन थांबलं का? एकट्या १९७३ मध्ये त्याची तीन पुस्तकं आली, त्यातल्या 'द डॉल्फिन'ला दुसरं पुलित्झर मिळालं. तो आपल्या प्रकाशकाला म्हणाला होता की मी जे भोगलं आणि माझ्यामुळे इतरांनी जे भोगलं, ते सगळं मेंदूत चिमूटभर मीठ कमी असल्यामुळे होतं, ही कल्पनाच भयंकर आहे. वाचून अंगावर काटा येतो. त्यात सुटकेपेक्षा वाया गेलेल्या वर्षांचा हिशोब जास्त आहे.

लोवेल एकटा नव्हता. मोगेन्स शाऊ या डॅनिश डॉक्टरने १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना थेट विचारलं, तुमच्या कामाचं काय झालं? १२ जण म्हणाले वाढलं. ६ म्हणाले फरक नाही. ६ म्हणाले कमी झालं. ते शेवटचे सहाही महत्त्वाचे आहेत. त्यांची तक्रार 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावता येत नाही. डोस, दुष्परिणाम, पर्यायी औषध, याबद्दल डॉक्टरशी भांडा, जरूर भांडा. मात्र भांडण दवाखान्यात व्हावं, गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकून होऊ नये.

आता अवघड केस. सआदत हसन मंटो. मुंबईवर जीव असलेला माणूस. इथल्या फिल्म कंपन्यांत त्याने पटकथा लिहिल्या, भायखळ्याला राहिला, आणि जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेला. तिथली सात वर्षं म्हणजे अश्लीलतेचे खटले, पैशाची चणचण आणि दारू. लाहोरच्या मनोरुग्णालयात दारू सोडवण्यासाठी भरती. आणि याच सात वर्षांत 'ठंडा गोश्त', 'खोल दो', 'टोबा टेक सिंह'. म्हणजे इथे तारखा माझ्या विरोधात साक्ष देतात. पीत होता आणि लिहीतही होता, एकाच वेळी, आणि ते लिखाण अव्वल दर्जाचं आहे.

पण लॉग जरा वर सरकवून बघा. मंटो फाळणीच्या आधी मुंबईतही भन्नाट लिहीतच होता. लाहोरच्या कथांना जे पेटवलं ते फाळणीने, आणि मुंबई सुटल्याच्या जखमेने. बाटली त्या जखमेवरचं भूल देणारं औषध होती, आणि शेवटी कथा विकून आलेले पैसे बाटलीकडेच जायला लागले. कोण कोणाला पोसत होतं? 'टोबा टेक सिंह' तर वेड्यांच्या इस्पितळातलीच गोष्ट आहे, आणि तिच्यात वेडाचं कौतुक अजिबात नाही. बाहेरच्या शहाण्यांनी देशाची वाटणी करून वेड्यांचीही वाटणी करायला घेतली, त्याची ती गोष्ट आहे. १८ जानेवारी १९५५ ला मंटो गेला. वय ४२. यकृत संपलं होतं. त्याची मैत्रीण आणि अश्लीलतेच्या खटल्यातली सहआरोपी इस्मत चुगताई १९९१ पर्यंत जगली. मंटोला तेवढी वर्षं मिळती तर आणीबाणी, बांगलादेश, बदलती मुंबई, हे सगळं त्याने बघितलं असतं. त्या कथा कुठल्याच लॉगमध्ये नाहीत. बाटलीने दिलेल्या कथा मोजायला सगळे तयार असतात. बाटलीने खाल्लेल्या कथा कोण मोजणार?

आपल्या मराठीत हा हिशोब शंभर वर्षांपूर्वीच मांडून झालाय. गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. २३ जानेवारी १९१९ ला गडकरी गेले आणि नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, फेब्रुवारीत. त्यातला सुधाकर हा हुशार वकील, बुद्धीने सगळ्यांच्या वर. सनद तात्पुरती रद्द होते, अपमान झोंबतो, आणि तळीराम त्याच्या हातात उतारा म्हणून पहिला प्याला देतो. तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आठवा. दारू किती चांगली याचं केवढं चमकदार तत्त्वज्ञान तिथे चालतं! प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि तिकडे सिंधूचं घर एकेक भांडं करत रिकामं होत जातं. 'प्यायचा म्हणून लिहू शकला' हे वाक्य त्या मंडळाच्या इतिवृत्तात सहज खपून गेलं असतं.

आणि एक लॉग आपल्या पुण्याचा. ऐंशीच्या दशकात शहरात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरायला लागली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, तिचं पुढे 'गर्द' हे पुस्तक झालं. ते वाचून पु.ल. आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले आणि १९८६ मध्ये, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण सुरू झालं. चालवलं डॉ. अनिता अवचटांनी, ज्या तिथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९९७ मध्ये त्या कॅन्सरने गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये गेले, केंद्र चालू आहे. लेखक आणि व्यसन यांचं हेही एक नातं असू शकतं. अवचट आयुष्यभर लिहीत राहिले, शिवाय लाकडात कोरलं, कागदाचे मोर केले, बासरी वाजवली. बैठकीत प्रतिभेची उदाहरणं निघतात तेव्हा हे नाव सहसा निघत नाही. त्यांच्या गोष्टीत बाटली नाही ना!

सगळे लॉग शेजारी शेजारी ठेवले तर प्रत्येक ठिकाणी एक माणूस दिसतो, ज्याचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नसतं. हायगेटचा गिलमन. डायरीत तमिळ अक्षरं लिहिणारा लेनर्ड. दहा रुग्णांवर निबंध लिहिणारा केड. अनिताताई. पुस्तकं होण्यात अफूपेक्षा आणि व्हिस्कीपेक्षा या लोकांचा हात मोठा आहे. तुमच्या टीममध्ये, रूमवर, घरात असा कुणी लिहिणारा, वाजवणारा, चित्रं काढणारा असेल आणि त्याचं काहीतरी बिनसतंय असं वाटत असेल, तर त्याला 'कलंदर' म्हणून सोडून देऊ नका. जेवला का विचारा. झोप लागते का विचारा. गरज पडली तर डॉक्टरकडे सोबत जा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या बैठकीत कुणी म्हणालंच, "अरे, प्यायचा म्हणून तर लिहू शकला", तर वाद घालू नका. फक्त विचारा, "कुठल्या साली?"